बिंदू, रेषा, प्रतल : कशाने काय ठरतं आणि आकृती कुठे फसवते

कंपासपेटी

भूमितीचं पहिलं प्रकरण बहुतेक ठिकाणी अर्ध्या तासात उरकलं जातं. बिंदूला लांबी-रुंदी नसते, रेषा दोन्हीकडे अमर्याद असते, प्रतल सपाट आणि चहूकडे पसरलेलं असतं. झालं, चला कोनांकडे! मग त्रिमितीत शिरल्यावर किंवा एखादी सिद्धता स्वतः लिहायची वेळ आली की गाडी अडते. ती व्याख्येपाशी अडत नाही. किती बिंदूंनी किंवा रेषांनी नेमकं काय ठरतं, हे पक्कं झालेलं नसतं म्हणून अडते. हा धागा त्यासाठी आहे.

पाया एवढाच आहे. दोन भिन्न बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एक आणि एकच प्रतल जातं. रेषेवरचे दोन बिंदू एखाद्या प्रतलात असतील तर ती अख्खी रेषा त्या प्रतलात असते. दोन भिन्न प्रतलांना एक बिंदू सामाईक असेल तर त्यांचा छेद ही एक रेषा असते.

'एक आणि एकच' हे घाईत म्हणून टाकू नका, त्यात दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं सांगतं की अशी रेषा आहे. दुसरं सांगतं की दुसरी नाही. सिद्धतांमध्ये जास्त राबतं ते दुसरं. उदाहरणार्थ, दोन भिन्न रेषा जास्तीत जास्त एकाच बिंदूत छेदतात, हे का? समजा त्यांना अ आणि ब असे दोन बिंदू सामाईक आहेत. मग अ आणि ब यांतून दोन भिन्न रेषा गेल्या. पण तिथून एकच रेषा जाऊ शकते. संपलं. आकृती काढावी लागली नाही, काहीही मोजावं लागलं नाही.

तिसऱ्या विधानाकडेही दुर्लक्ष होतं. 'सपाट' या शब्दात आपल्याला जे म्हणायचं असतं ते या विधानात आलेलं आहे. गोलाच्या पृष्ठभागावर कुठलेही दोन बिंदू घ्या, त्यांना जोडणारी सरळ रेषा पृष्ठभाग सोडून आतून जाते. नळकांड्यावर काही जोड्यांची रेषा पृष्ठभागावर राहते, बाकीच्यांची नाही. प्रतलात मात्र प्रत्येक जोडीची राहते.

नावांबद्दल : बिंदूंना अ, ब, क, ड, रेषांना ल, म, न आणि प्रतलांना प, फ म्हणू या. आपापले मुद्दे आणि नेहमी होणाऱ्या चुका लिहा.

पाटी_पेन्सिल

चांगला विषय. एक शंका आधीच विचारते. बिंदू, रेषा, प्रतल यांची व्याख्या सरळ का देत नाहीत? 'ज्याला भाग नाहीत तो बिंदू' एवढ्यावर का भागत नाही? शिकणाऱ्यांना ते पटकन कळतं.

घनमूळ

@पाटी_पेन्सिल, ते वर्णन म्हणून ठीक आहे, डोळ्यांसमोर काहीतरी उभं राहतं. पण त्यावर सिद्धता उभी राहत नाही.

युक्लिडने इ.स.पू. ३०० च्या सुमारास आपल्या 'एलिमेंट्स' या भूमितीच्या ग्रंथात, पहिल्या खंडाच्या सुरुवातीला २३ व्याख्या दिल्या. त्यांतली पहिलीच तुम्ही म्हणता ती. पुढे वर्तुळाची, समांतर रेषांची व्याख्या सिद्धतांमध्ये वारंवार कामी येते. 'भाग नाहीत' हे वाक्य मात्र एकाही सिद्धतेत कारण म्हणून येत नाही. शिवाय 'भाग' म्हणजे काय हे सांगायला आणखी एक शब्द लागतो, त्याला आणखी एक. ही साखळी कुठेतरी थांबवावीच लागते.

१८९९ मध्ये जर्मन गणितज्ञ हिल्बर्टने ती उघडपणे थांबवली. बिंदू, रेषा आणि प्रतल या तीन प्रकारच्या वस्तू आहेत, त्या काय आहेत ते सांगणार नाही, त्या एकमेकींशी कशा वागतात तेवढं गृहीतकांनी सांगतो, अशी ती मांडणी आहे. बिंदू रेषेवर असणं, एक बिंदू दुसऱ्या दोघांच्या दरम्यान असणं, दोन रेषाखंड एकरूप असणं, हे ते संबंध.

याचा खरा अर्थ कळायला एक छोटी मांडणी करून बघा. बिंदू फक्त चार : १, २, ३, ४. 'रेषा' म्हणजे दोन बिंदूंची कोणतीही जोडी, म्हणजे १२, १३, १४, २३, २४, ३४ अशा सहा. 'प्रतल' म्हणजे तीन बिंदूंचं कोणतंही त्रिकूट, म्हणजे १२३, १२४, १३४, २३४ अशी चार. आता कंपासपेटी यांची चारही विधानं तपासा. दोन बिंदूंतून एकच रेषा? हो, ती जोडी स्वतःच. तीन बिंदूंतून एकच प्रतल? हो. रेषेचे दोन्ही बिंदू प्रतलात असले की रेषा प्रतलात? हो. दोन प्रतलांचा छेद? १२३ आणि १२४ यांत १ आणि २ सामाईक, म्हणजे रेषा १२. सगळं जुळतं.

इथे काही सपाट नाही, अमर्याद नाही, बारीकही नाही. तरीही वरच्या चार विधानांतून निघालेलं प्रत्येक प्रमेय इथे खरं ठरतं. दोन भिन्न रेषा जास्तीत जास्त एका बिंदूत छेदतात, हे सहा रेषांवर तपासून बघा. आणि १२ व ३४ या रेषांकडे बघा : छेदत नाहीत, आणि एका प्रतलातही नाहीत. विषमतलीय रेषांचं इतकं लहान उदाहरण दुसरीकडे सापडणार नाही.

पाटी_पेन्सिल

हे भारी आहे. पण मग या मांडणीत 'दोन बिंदूंच्या दरम्यान तिसरा बिंदू असतोच' हे खोटं आहे. रेषेवर दोनच बिंदू आहेत!

घनमूळ

बरोबर पकडलंत. म्हणूनच ते वरच्या चारांतून सिद्ध करता येत नाही, त्याला क्रमाची वेगळी गृहीतकं लागतात. रेषेवर असंख्य बिंदू असतात हे आपण सहज बोलून जातो, पण ते विधान कुठून आलं याचा हिशोब द्यावा लागतो. नेहमीच्या भूमितीत रेषेवरच्या प्रत्येक बिंदूला एक वास्तव संख्या जोडलेली असते. दोन संख्यांची सरासरी नेहमी त्यांच्या मधे पडते, म्हणून मध्यबिंदू असतो, मग अर्ध्याचा मध्यबिंदू, आणि हे कधी संपत नाही.

'शेजारचा बिंदू' ही कल्पना यातूनच बाद होते. एका बिंदूला लागून दुसरा बिंदू नसतो, मधे कायम तिसरा निघतो.

तिसरीमिती

मी आकृत्यांबद्दल लिहितो, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथे होतो.

प्रतल दाखवायला आपण समांतरभुज चौकोन काढतो. त्या चौकोनाच्या कडा प्रतलाच्या नाहीत. प्रतलाला कडाच नसते. म्हणून एखादी रेषा चौकोनाच्या बाहेर गेलेली दिसली तर 'ती प्रतलाबाहेर गेली' असा निष्कर्ष काढता येत नाही. दोन प्रतलांचे चौकोन कागदावर एकमेकांना लागत नाहीत म्हणून ती समांतर, असंही नाही. समांतर आहेत असं दिलेलं असलं पाहिजे किंवा सिद्ध केलेलं.

प्रतलाला भेदून जाणारी रेषा काढताना क्रम असा ठेवा. आधी चौकोन काढा. चौकोनाच्या आत छेदनबिंदू ठळक करा. त्या बिंदूपासून वरचा भाग अखंड रेघेने काढा. खालचा भाग चौकोनाच्या खालच्या कडेपर्यंत तुटक, कारण तो प्रतलाच्या मागे आहे, आणि कडेपासून पुढे परत अखंड. छेदनबिंदू ठळक केला नाही तर रेषा प्रतलात झोपली आहे की आरपार गेली आहे, ते कळत नाही. सगळी रेघ अखंड काढली तरी तेच.

आता मोठा सापळा. कागदावर दोन रेघा एकमेकींना ओलांडतात म्हणजे अवकाशात त्या रेषा छेदतात असं नाही. इष्टिकाचिती, म्हणजे खोक्याचा किंवा विटेचा आकार, घ्या. तळ अबकड, आणि अ, ब, क, ड यांच्या बरोबर वर अनुक्रमे प, फ, भ, म (इथे ही प्रतलांची किंवा रेषांची नाही, शिरोबिंदूंची नावं). नेहमीच्या तिरप्या आकृतीत मागच्या बाजूची एक-दोन कडांची रेघ पुढच्या कडांच्या रेघेला ओलांडते. तिथे शिरोबिंदू नाही, तिथे कुठलाही सामाईक बिंदू नाही. ओळखायची सोपी खूण अशी की ओलांडण्याच्या जागेला नाव दिलेलं नाही. मागच्या कडा तुटक काढल्या तर हा गोंधळ निम्मा कमी होतो.

याच चितीत कड अब धरा आणि उरलेल्या ११ कडांची वाटणी करा. तिला छेदणाऱ्या ४ : अड, बक, अप, बफ. समांतर ३ : डक, पफ, मभ. उरल्या ४ : कभ, डम, फभ, पम. या चार छेदतही नाहीत, समांतरही नाहीत. ह्या विषमतलीय. प्रत्येक कडेची वाटणी अशीच ४, ३, ४ होते. बारा कडांच्या जोड्या ६६, त्यांत छेदणाऱ्या २४, समांतर १८, विषमतलीय २४. बेरीज जुळते का ते बघत चला, एखादी जोडी सुटली की लगेच समजतं.

'ज्या रेषा छेदत नाहीत त्या समांतर' ही व्याख्या म्हणून अपुरी आहे. 'एका प्रतलात असून छेदत नाहीत' असं पूर्ण म्हणायचं. पहिले दोन शब्द गाळले की वरच्या २४ जोड्या चुकीच्या रकान्यात जातात.

निळीशाई

+१. जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरच्या त्रिमिती दालनात हे दोन मिनिटांत दिसतं. आठ शिरोबिंदू निर्देशकांनी टाका, म्हणजे (०, ०, ०), (४, ०, ०), (४, ३, ०), (०, ३, ०) आणि तेच तिसरा निर्देशक २ करून परत. मग दोन बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचं साधन घेऊन अब आणि कभ या रेषा काढा आणि चित्र फिरवा. त्या छेदल्यासारख्या दिसतात, पण चित्र फिरवलं की ओलांडण्याची जागा रेषांवरून सरकत जाते. खऱ्या छेदणाऱ्या रेषा कुठल्याही कोनातून एकाच बिंदूपाशी राहतात. बिंदू ओढून टाकू नका, निर्देशक टंकून टाका. ओढलेला बिंदू नेमका कुठल्या खोलीवर बसला ते पडद्यावर दिसत नाही.

शून्यलब्धी

नावं आणि चिन्हं यांवर थोडं. एका रेषेवर अ, ब, क या क्रमाने तीन बिंदू आहेत.

रेषेची नावं सहा लिहिता येतात : अब, बअ, अक, कअ, बक, कब. रेषा एकच. रेषाखंड तीन : अब, बक, अक. इथे अब आणि बअ एकच. किरण चार. किरण अब आणि किरण अक एकच आहेत, कारण आरंभबिंदू तोच आणि दिशा तीच. किरण कब आणि किरण कअ एकच. किरण बअ आणि किरण बक मात्र वेगळे, ते विरुद्ध किरण. अनेक जण इथे सहा किरण मोजतात.

किरणाच्या नावात पहिलं अक्षर आरंभबिंदूचंच. किरण अब आणि किरण बअ यांत सामाईक काय? फक्त रेषाखंड अब. दोघांचा संच मिळून अख्खी रेषा होते. हे एकदा आकृतीत रंगवून बघितलं की पुन्हा चुकत नाही.

लांबी फक्त रेषाखंडाला असते. 'रेषा अब = ५ सेमी' हे लिहिणं चूक आहे, नुसती शैलीची गोष्ट नाही. पुढे अंतरं आणि दरम्यानता (कोणता बिंदू कोणत्या दोघांच्या मधे आहे) येते तेव्हा तिथेच घोळ होतो.

दरम्यानता अशी ओळखा. तीन अंतरं दिली असतील तर सर्वांत मोठं बाजूला काढा आणि उरलेल्या दोघांची बेरीज करा. अब = ७, बक = ४, अक = ११ : बेरीज बरोबर मोठ्याएवढी, म्हणून अ-ब-क. अब = ७, बक = ४, अक = ३ : इथे मोठं अंतर अब, म्हणून मधला क, अ-क-ब. अब = ७, बक = ४, अक = ५ : बेरीज ९, मोठ्यापेक्षा जास्त, म्हणून बिंदू नैकरेषीय, म्हणजे एका रेषेत नसलेले. अब = ७, बक = ४, अक = १२ : असे बिंदू नसतातच. चौथ्या प्रकाराला 'नैकरेषीय' लिहून गुण घालवू नका.

मोजपट्टीवाले

वरची दरम्यानतेची कसोटी दिलेल्या संख्यांसाठी अगदी बरोबर. पण कागदावर पट्टीने मोजून ती वापरू नका. का ते आकड्यांत सांगतो.

अक १२ सेमी आहे. ब बरोबर मधोमध आहे पण रेषेपासून ३ मिमी बाजूला सरकलेला. ३ मिमी म्हणजे डोळ्यांना स्वच्छ दिसेल एवढं. आता अब काढा : ६ चा वर्ग ३६, ०.३ चा वर्ग ०.०९, बेरीज ३६.०९, वर्गमूळ सुमारे ६.००७५. बक तेवढंच. दोन्ही मिळून १२.०१५ सेमी. फरक ०.१५ मिमी. पट्टीवरचं सर्वांत लहान माप १ मिमी. म्हणजे तुमची बेरीज १२ येणार आणि तुम्ही 'एकरेषीय' लिहिणार. बाजूचं सरकणं अंतरांच्या बेरजेत जवळजवळ दिसतच नाही, म्हणून ही कसोटी प्रत्यक्ष मोजमापाला आंधळी आहे.

त्यापेक्षा पट्टीची कड टोकाच्या दोन बिंदूंवर ठेवा आणि मधला बिंदू कडेवर येतो का ते बघा. ३ मिमी लगेच दिसेल. टोकाचेच बिंदू घ्यायचे, जवळचे नाहीत. याचंही गणित बघा. ठिपका पाव मिमी इकडे आणि दुसरा पाव मिमी तिकडे सरकला असं धरा. दोन ठिपके २ सेमी अंतरावर असतील आणि रेघ पहिल्या ठिपक्यापासून २० सेमीपर्यंत वाढवली, तर टोकाला ती पावणेपाच मिमी चुकलेली असते. तेच ठिपके १० सेमी अंतरावर असतील तर चूक पाऊण मिमी. दोन बिंदूंनी रेषा ठरते हे खरंच, पण कागदावरचे दोन ठिपके जितके दूर तितकी ती नीट ठरते.

पट्टी स्वतः सरळ आहे का, हेही त्याच गृहीतकाने तपासता येतं. कागदावर अ आणि ब हे दोन बारीक ठिपके पट्टीच्या लांबीएवढ्या अंतराने करा. टोकदार पेन्सिलीने कडेलगत रेघ ओढा. मग पट्टी त्या रेघेवरून पलीकडच्या बाजूला उपडी करा, छापील बाजू खाली, तीच कड पुन्हा अ आणि ब वर बसवा आणि दुसरी रेघ ओढा. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर कड सरळ. मधे फट दिसली तर त्याच दोन बिंदूंतून दोन वेगळ्या 'रेषा' गेल्या, म्हणजे कड सरळ नाही. फट खऱ्या बाकाच्या दुप्पट दिसते, त्यामुळे बारीक दोषही सापडतो. पट्टी उपडी न करता कागदावरच अर्धा फेरा फिरवू नका. कडेचा बाक एका अर्ध्यात बाहेर आणि दुसऱ्या अर्ध्यात आत असा असेल तर फिरवल्यावर तो स्वतःशीच जुळतो आणि दोष लपतो.

पाटी_पेन्सिल

पट्टीची ही चाचणी थेट 'एक आणि एकच' मधल्या 'एकच' वर चालते! हे लक्षात आलं नव्हतं. निर्देशक दिलेले असतील तर एकरेषीयता कशी तपासायची? चढ काढताना कधी कधी भाजक शून्य येतो.

मोजपट्टीवाले

भागाकार करूच नका, तिरकस गुणाकार करा. पहिल्या बिंदूपासून दुसऱ्याकडे जाताना आडवा फरक आणि उभा फरक काढा, पहिल्यापासून तिसऱ्याकडे जातानाही काढा. पहिला आडवा गुणिले दुसरा उभा, वजा दुसरा आडवा गुणिले पहिला उभा. शून्य आलं तर एकरेषीय.

(१, २), (३, ५), (७, ११) घ्या. फरक २ व ३, आणि ६ व ९. २ × ९ − ६ × ३ = ०. एकरेषीय. आता शेवटचा बिंदू (६, १०) करा. फरक ५ व ८. २ × ८ − ५ × ३ = १. नैकरेषीय, आणि त्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ या उत्तराच्या निम्मं, म्हणजे अर्धा चौरस एकक. आलेखकागदावर हे तीन बिंदू सरळ रेषेतच वाटतात. डोळ्यांवर जाऊ नका.

समांतरभुज

मोजणीच्या प्रश्नांवर कुणी लिहिलं नाही अजून. 'चार बिंदूंतून किती रेषा काढता येतील?' याला ६ हे अपुरं उत्तर आहे. कोणतेही तीन एकरेषीय नसतील तर ६. बरोबर तीन एकरेषीय असतील तर ४. चारही एकरेषीय असतील तर १. दुसरं उत्तर शक्य नाही. पाच बिंदूंना १०, ८, ६, ५ किंवा १ एवढीच उत्तरं येतात. ६ कधी येतं? तीन-तीन बिंदूंच्या दोन रेषा असतात आणि एक बिंदू दोन्हींवर असतो तेव्हा. पद्धत अशी : सगळ्या जोड्या मोजा, मग ज्या रेषेवर तीन बिंदू आहेत तिथे तीन जोड्यांची एकच रेषा होते म्हणून २ वजा करा. चार बिंदू असतील तर सहा जोड्यांची एक होते म्हणून ५ वजा करा.

प्रतलांचंही तसंच. चार बिंदू नैकप्रतलीय असतील तर ४ प्रतलं. एकप्रतलीय पण सगळे एका रेषेत नसतील तर १. चारही एका रेषेत असतील तर असंख्य, कारण एका रेषेतून असंख्य प्रतलं जातात. तीन बिंदूंनी प्रतल ठरतं म्हणताना 'नैकरेषीय' हा शब्द गाळला की हीच चूक होते.

तीन पायांची घोडी कुठल्याही ओबडधोबड जमिनीवर डुगडुगत नाही आणि चार पायांचं टेबल डुगडुगतं, त्यामागे हेच आहे. तीन टोकांना प्रतल हमखास मिळतं, चौथं टोक त्याच प्रतलात येईल याची हमी नाही.

कंपासपेटी

सगळेच प्रतिसाद उत्तम. एक सिद्धता पूर्ण लिहितो, कारण परीक्षेत ती अर्धवट लिहिली जाते. विधान : रेषा ल आणि तिच्याबाहेरचा बिंदू क यांतून एक आणि एकच प्रतल जातं.

ल वर अ आणि ब हे दोन भिन्न बिंदू घ्या. अ, ब, क नैकरेषीय आहेत हे आधी दाखवायचं. ते एका रेषेत असते तर ती रेषा अ आणि ब मधून जाणारी, म्हणजे ल च असती, आणि मग क हा ल वर आला असता. पण क बाहेर आहे. म्हणून नैकरेषीय. आता त्यांतून प्रतल प जातं. अ आणि ब हे प मध्ये आहेत म्हणून अख्खी ल प मध्ये. अस्तित्व झालं. एकमेवपणा : ल आणि क असलेलं कोणतंही प्रतल घ्या. त्यात अ, ब, क आहेतच, आणि त्यांतून एकच प्रतल जातं, म्हणजे ते प च.

शेवटची दोन वाक्यं बरेच जण लिहित नाहीत. त्यांच्यावाचून निम्मं विधानच सिद्ध झालेलं असतं. मधला नैकरेषीयतेचा टप्पाही 'उघड आहे' म्हणून सोडू नका, तिथेच दिलेली माहिती वापरली जाते.

छेदणाऱ्या दोन रेषांतून एकच प्रतल जातं, हे यावरून दोन ओळींत येतं : दुसऱ्या रेषेवरचा छेदनबिंदूखेरीज एखादा बिंदू घ्या आणि वरचं विधान लावा.

निळीशाई

तीन रेषा दोन-दोन करून एकमेकींना छेदत असतील तर तिन्ही एका प्रतलात असतात का?

घनमूळ

तीन छेदनबिंदू वेगवेगळे असतील तर हो. ते तीन बिंदू नैकरेषीय असतात (एका रेषेत असते तर तिन्ही रेषा एकच ठरल्या असत्या), त्यांतून एक प्रतल जातं आणि प्रत्येक रेषेवर त्यांतले दोन बिंदू आहेत, म्हणून तिन्ही रेषा त्यातच. तिन्ही एकाच बिंदूतून जात असतील, म्हणजे एकसंपाती असतील, तर मात्र खात्री नाही. चितीच्या अ पाशी मिळणाऱ्या अब, अड, अप या तीन कडा बघा.

त्याच कडांमधून आणखी एक गैरसमज निघतो. 'एकाच रेषेला लंब असलेल्या दोन रेषा समांतर असतात' हे प्रतलात खरं, अवकाशात खोटं. अब आणि अड दोन्ही अप ला लंब आहेत आणि एकमेकींना छेदतात.

तिसरीमिती

तसंच दोन आणखी. रेषा प्रतलाला समांतर असली म्हणजे त्या प्रतलातल्या प्रत्येक रेषेला समांतर नसते. वरची कड पफ तळाला समांतर आहे, पण तळातली बक तिला विषमतलीय आहे. आणि रेषा प्रतलाला लंब आहे हे सांगायला प्रतलातल्या एका रेषेशी काटकोन दाखवून पुरत नाही, एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषांशी दाखवावा लागतो. एकीशी काटकोन राखून रेषा कितीही कलू शकते.

तीन भिन्न प्रतलांच्या रचना पाचच आहेत. तिन्ही समांतर. दोन समांतर आणि तिसरं दोघांना छेदणारं. तिन्ही एकाच रेषेतून जाणारी. दोन-दोन छेदणारी पण तिन्ही छेदरेषा परस्परांना समांतर, म्हणजे मधे त्रिकोणी नळी तयार होते. आणि तिन्हींचा एकच सामाईक बिंदू. चौथी रचना हमखास विसरली जाते. तीन चलांची तीन समीकरणं सोडवताना 'कोणतेही दोन प्रतल समांतर नाहीत, तरी उकल नाही' असं होतं तेव्हा हीच रचना असते.

शून्यलब्धी

एक प्रश्न. दोन प्रतलांना एकच बिंदू सामाईक असू शकत नाही, हे सिद्ध का करत नाहीत? गृहीतक का मानतात?

घनमूळ

कारण ते बाकीच्यांतून निघत नाही. चार निर्देशकांच्या अवकाशात एक प्रतल असं घ्या की शेवटचे दोन निर्देशक शून्य, दुसरं असं की पहिले दोन शून्य. दोघांत असलेला बिंदू म्हणजे चारही निर्देशक शून्य, फक्त तो एक. तिथे पहिली तीन गृहीतकं खरी राहतात आणि चौथं मोडतं. म्हणजे चौथं गृहीतक सांगतं ते हे, की आपण तीनच मितींत आहोत.

समांतरभुज

सरावासाठी एक : घनाच्या ८ शिरोबिंदूंपैकी तीन-तीन घेऊन एकूण किती वेगवेगळी प्रतलं ठरतात?

निळीशाई

८ बिंदूंतून त्रिकुटं ५६. घनाचे कोणतेही तीन शिरोबिंदू एकरेषीय नसतात, म्हणून प्रत्येक त्रिकूट प्रतल देतं. पण काही प्रतलांत चार शिरोबिंदू येतात. पृष्ठं ६. शिवाय अब आणि मभ यांसारख्या समोरासमोरच्या समांतर कडांतून जाणारी प्रतलं ६. अशी १२ प्रतलं, प्रत्येकात ४ बिंदू, म्हणजे प्रत्येकाची ४ त्रिकुटं, एकूण ४८. उरली ८ त्रिकुटं. ती म्हणजे एकेका शिरोबिंदूच्या तीन शेजाऱ्यांची, जसं अ भोवतीचे ब, ड, प. त्यांच्या प्रतलात चौथा शिरोबिंदू येत नाही, म्हणून ८ त्रिकुटांची ८ प्रतलं. १२ + ८ = २०.